कुवैतमध्ये जिंकलेला एक सामना

आमच्या कॉलेजचा फुटबॉल संघ कुवैतला जाऊन आला त्याला आता तीन वर्षे होतील. त्या दौऱ्याची हकीकत लिहून दे, असे बरेच जण सांगत आले आणि मी टाळत आलो. गावाला एवढेच ठाऊक आहे की आम्ही चार सामने खेळलो, त्यांतला एक जिंकलो, आणि त्या दिवसाचा फोटो प्राचार्यांच्या खोलीत लावलेला आहे. फोटोत दहाच खेळाडू आहेत. यंदा मी अकराव्याकडे जाऊन विचारले, लिहू का? तो म्हणाला, “लिही. पण गोड करून लिहू नको.”

तो अकरावा म्हणजे इस्माईल. आमचा डावा विंगर.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील शिंपी. गावात कॉलेज निघाले नसते तर मीही मशीनवर बसलो असतो. त्यामुळे कॉलेजने जे सांगितले ते मी उपकार मानून केले. संघाचा कप्तान केले तेव्हा तर मला आठवडाभर नीट झोप आली नाही. त्या वर्षीचा आमचा हंगाम चांगला गेला होता. जिल्ह्याची ढाल मिळाली. विद्यापीठाच्या सामन्यांत दुसऱ्या फेरीत हरलो, पण हरवणाऱ्यांनीही पाठ थोपटली. आम्ही सगळे अनवाणी खेळत असू. आमचे मैदान म्हणजे जांभ्याच्या सड्यावर, उघड्या कातळावर, माती पसरून केलेले. अंगठ्याला आणि घोट्याला चिंध्यांची घट्ट पट्टी बांधायची आणि उतरायचे.

इस्माईलचे मामू, हसनमियाँ परकार, कुवैतमध्ये फहाहील या गावी दुकान चालवत. त्यांनी आणि तिथल्या आपल्या किनाऱ्यावरच्या मंडळींनी मिळून आमचा दौरा ठरवला. वरवरचे कारण असे की परमुलखात आपली पोरे खेळताना पाहायची. खरे कारण आम्हां सगळ्यांना माहीत होते. तिथल्या एका तेल कंपनीच्या कामगार संघाला डावा विंगर हवा होता. जो पसंत पडेल त्याला गोदामात कारकुनाची जागा मिळणार होती. इस्माईलचे वडील गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे मुकादम, होते. डोलकाठी अंगावर पडून दोन वर्षे खाटेवर होते. पाठीवर तीन बहिणी. इस्माईल इंटरला दोनदा बसला होता. त्याचा जीव पुस्तकांत नव्हता, पायांत होता. त्या जागेवर त्याचे अख्खे घर डोळे लावून बसले होते.

हसनमियाँनी थंडीत या असे लिहिले होते. पण वार्षिक परीक्षेआधी प्राचार्य सोडीनात. म्हणून आम्ही पंधरा जण मे महिन्यात गेलो. तिथल्या उन्हाळ्याची कल्पना ना प्राचार्यांना होती, ना आम्हांला.

फहाहील

आगबोटीच्या डेकवरचे दिवस मी गाळतो. ओकाऱ्या सगळ्यांच्या सारख्याच असतात.

धक्क्यावर हसनमियाँ उभे होते. ठेंगणे, पोट सुटलेले, डोक्यावर आपल्याकडचीच टोपी. आमची रांग त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली आणि भाच्याला म्हणाले, “संग फुटबॉलची टीम आणतो म्हनालास. ह्या तर माचिसच्या काड्या हायत.”

आमच्यातला एक जण म्हणाला, “मामू, घासून बघा.” ते इतके हसले की हमालही थांबून पाहू लागले.

फहाहील समुद्राकाठचे गाव. खारा वारा आणि मासळीचा वास आपल्या किनाऱ्याचाच. पण माड नाही, ओढा नाही, मातीला मातीचा रंग नाही. बाजारात मात्र आपण कुठे दूर आलो आहोत असे वाटत नसे. दुकानदार हिंदीत बोलत, आणि तिथे चालणारा आपला रुपया बंद होऊन नुकतीच नवी नाणी आली असली तरी म्हातारी माणसे अजून रुपया-आण्यांतच भाव सांगत. मंडळींनी आपल्या दोन खोल्या आम्हांला रिकाम्या करून दिल्या आणि स्वतः गच्चीवर पथाऱ्या टाकल्या. पाणी टँकरने येई. अंघोळीला माणशी एक बादली. आम्ही पावसाळी मुलखातली पोरे पहिल्या दिवशी ती पाय धुण्यातच संपवून बसलो.

आम्ही घरून आमसुले, तांदळाचे पीठ आणि सुके बोंबील नेले होते. एका वयस्क माणसाने आमसुलांची पुरचुंडी नाकाशी धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. मग सगळे स्वयंपाकाला लागले. तिथे जुबैदी नावाचा मासा मिळतो. तो म्हणजे आपला सरंगाच, पापलेट, थोडा गुबगुबीत. त्याचे तिखले आणि भात. मैद्याची खबूज नावाची मोठी रोटी असते, ती गरम असेपर्यंत चांगली लागते.

दुसऱ्या दिवशी हसनमियाँ मला आणि आमचे व्यायामशिक्षक सावंत सर यांना एका अरब व्यापाऱ्याकडे घेऊन गेले. सामन्यांची व्यवस्था त्याच्या शब्दावर झाली होती. तिथे कानाच्या पाळीएवढ्या पेल्यातून कडू कॉफी देतात. पेला रिकामा झाला की नोकर लगेच भरतो. दिलेले नाकारू नये अशी मला घरची शिकवण, म्हणून मी पीत राहिलो. अकराव्या पेल्याला हसनमियाँ हळूच म्हणाले, “अरे बाबा, पेला हलव. हलवल्याबिगर तो थांबायचा नाय.” मी हलवला. व्यापारी गालात हसला, पण त्याच्या डोळ्यांत कौतुक होते. मला नको म्हणता येत नाही आणि थांब म्हणायचे सुचत नाही, हा माझा दोष तिथे थट्टेवारी गेला.

बूट

पहिले दोन सामने आम्ही बूट घालून खेळलो. तिथे सगळे बूट घालतात, म्हणून आमच्या गावच्या लोकांनी वर्गणी काढून आम्हांला बूट दिले होते. बूट देण्याच्या समारंभात आभाराचे भाषण मीच केले होते. सावंत सर फार कळकळीचे माणूस. त्यांनी आम्हांला बाकावर बसवून प्रत्येकाचा पाय कागदावर ठेवला, पेन्सिलने रेघ ओढली आणि ते कागद मुंबईला पाठवले. बसलेल्या माणसाचा पाय आणि उभ्या माणसाचा पाय यांत फरक असतो, आणि जन्मभर अनवाणी चाललेला पाय उभा राहिला की पंज्यासारखा पसरतो, हे आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आले नाही. पंधराच्या पंधरा जोड घट्ट होते.

पहिला सामना सहा गोलांनी हरलो, दुसरा चारांनी. इस्माईलला चेंडू मिळाला की तो दोन पावले धावे आणि टाचेवर थबके. खेळ संपल्यावर त्याने बूट काढले तेव्हा मोजे फोडांना चिकटले होते. प्रेक्षकांत आपली माणसे होती; दुकाने लवकर बंद करून, कामावरून सुट्टी मागून आलेली.

कंपनीच्या संघासाठी खेळाडू निवडण्याचे काम खलीलसाहेब नावाच्या एका पॅलेस्टिनी गृहस्थांकडे होते. बारीक मिशी, कमी बोलणे, स्वच्छ इंग्रजी. दुसऱ्या सामन्यानंतर त्यांनी हसनमियाँना बाजूला घेऊन सांगितले की तुमचा भाचा पांगळ्यासारखा धावतो; मी तिसऱ्या सामन्याला येईन, त्यानंतर येणार नाही.

तेव्हा अनवाणी खेळू, असे मीच म्हणालो. सावंत सरांना ते पटेना. लोकांनी दिलेले बूट परमुलखात काढून ठेवायचे म्हणजे काय. मलाही ते जड गेले. पण इस्माईल माझ्याकडे पाहत होता.

तो सामना

तिथली मैदाने वाळूची. वाळू उडू नये म्हणून तिच्यावर कच्चे तेल शिंपडतात आणि रूळ फिरवतात. मैदान काळे, टणक, डांबरी रस्त्यासारखे दिसते. पाच वाजता सामना होता आणि ऊन अजून उतरले नव्हते. हसनमियाँनी वाकून जमिनीला हात लावला आणि लगेच मागे घेतला. म्हणाले, “कालच तेल मारलाय. पाय भाजतील रे पोरानु.”

आम्ही हसलो. आम्ही मे महिन्यात सड्यावर करवंदे काढायला अनवाणी जाणारी पोरे. भाजण्याची भीती आम्हांला कोणी घालावी? सड्यावर पाऊल टेकते न टेकते तोच उचलायचे असते, झुडपाची सावली असते, वाळके गवत असते. इथे सत्तर मिनिटे उभे राहायचे होते. हा विचार मला आज सुचतो.

समोरच्या संघाने आमचे पाय पाहून खुणा केल्या. पंचाने आमची नखे तपासली आणि खांदे उडवून शिट्टी वाजवली.

पुढच्या पस्तीस मिनिटांचे वर्णन मला आनंदाने करता आले असते. चेंडू पुन्हा आमच्या ओळखीचा झाला होता. इस्माईल डावीकडून निघाला की समोरचा बूटवाला वळेपर्यंत तो त्याच्या पाठीमागे असे. पहिला गोल त्याने कोपऱ्यातून वळवून मारला, दुसरा तिघांमधून चेंडू काढून. कठड्याबाहेर आपली माणसे गावच्या जत्रेतल्यासारखी ओरडत होती. आमसुले हुंगणारा तो म्हातारा रडत होता.

मध्यंतरात खलीलसाहेब स्वतः आमच्याकडे आले. त्यांनी इस्माईलचा हात हातात घेतला आणि शनिवारी कागदपत्रे घेऊन ऑफिसात यायला सांगितले. डॉक्टरांची तपासणी झाली की जागा त्याची. मी त्याला मराठीत समजावून सांगितले. तो नुसता मान हलवत राहिला.

ते गेल्यावर इस्माईल मला पाण्याच्या पिंपामागे घेऊन गेला. खाली बसून त्याने डावा पाय उलटा केला. तळवा सोललेला होता. अंगठ्याखाली शिंपल्याची कड घुसून खोल चीर पडली होती आणि तिच्यात काळी वाळू भरली होती.

“बसू काय आता?” त्याने विचारले.

फुटबॉलमध्ये मध्येच बदली खेळाडू घेता येत नाही. तो बसला असता तर आम्ही दहा जण उरलो असतो. त्याचे काम झाले होते. ते त्यालाही कळत होते आणि मलाही. पण दोन सामन्यांत दहा गोल खाल्ले होते. गावाला एक तरी विजय कळवायचा होता. ज्यांचे बूट आम्ही काढून ठेवले होते त्यांना काय सांगायचे, हेच माझ्या डोक्यात होते.

मी म्हणालो, “वीस मिनिटं काढ. मग बस.”

“बरं,” तो म्हणाला, आणि पट्टी पुन्हा आवळून बांधली.

वीस मिनिटे झाली तेव्हा समोरच्यांनी एक गोल फेडला होता आणि आमच्यावर दाब वाढला होता. इस्माईलने एकदा माझ्याकडे पाहिले. मी दुसरीकडे पाहिले. तो शेवटपर्यंत खेळला. आम्ही दोन-एकने जिंकलो. फोटो काढायला उभे राहिलो तेव्हा तो हसनमियाँच्या मोटारीत पाय वर घेऊन बसला होता.

वफ्रा

दुसरा दिवस शुक्रवारचा. मंडळींनी आम्हांला दक्षिणेकडे वफ्र्याला नेण्याचे आधीच ठरवले होते. इस्माईलने पाय कोणालाही दाखवू दिला नाही. दवाखान्यात गेलो तर कंपनीच्या डॉक्टरांच्या कानावर जाईल, तपासणीच्या आधी नाव कटेल, ही त्याची धास्ती. आणि मला ती खरी वाटली. हळद-खोबरेल लावून फडके गुंडाळले. मामूंना सांगितले, फोड आलेत.

वफ्र्याला वाळवंटात एकदम हिरवे दिसते. खजुरीच्या रांगा, पाटाचे पाणी, टोमॅटोचे वाफे. आपल्याकडे पाणी वाट काढत जाते. तिथे माणूस पाण्याला हाताने धरून प्रत्येक रोपापाशी नेतो. एका मजुराने आम्हांला टोमॅटो दिले. तो ओमानकडचा असावा. वाळलेला, पाठीत वाकलेला. बाकीचे मळा पाहायला गेले. मी इस्माईलजवळ सावलीत थांबलो. त्या उकाड्यात त्याला हुडहुडी भरली होती.

तो मजूर पाणी वळवत आमच्यापर्यंत आला, थांबला, आणि न विचारता खाली बसून त्याने फडके सोडले. वास मलाही आला. त्याने ओंजळीने पाणी घातले, पण चिरेच्या कडा पाहून तो उठला आणि हसनमियाँना हाक मारत धावत गेला. तो अरबीत काय बोलला ते मला कळले नाही. हसनमियाँचा चेहरा मात्र मी पाहिला. ते आले, त्यांनी पाय पाहिला आणि मला एवढेच म्हणाले, “फोड हायत म्हनाला होतास ना?”

दवाखाना

शनिवारी इस्माईल सरकारी दवाखान्यात तापात पडून होता आणि त्याची कागदपत्रे घेऊन मी खलीलसाहेबांच्या ऑफिसात गेलो. मी माझ्या सगळ्या इंग्रजीने विनंती केली. दोन महिने जागा ठेवा, घरची परिस्थिती अशी आहे, खेळाडू तुम्ही स्वतः पाहिला आहे. त्यांनी सारे ऐकून घेतले. मला चहा दिला. मग विचारले, “जखम केव्हा झाली?”

मी सांगितले, पहिल्या अर्ध्यात.

“मी त्याला पसंत केलं तेव्हा तो जखमी होता?”

“हो.”

“मग दुसऱ्या अर्ध्यात तो का खेळला?”

त्यांनी कागदपत्रे नीट जुळवून माझ्याकडे सरकवली. तपासणीत न बसणारा माणूस आपल्याला घेता येत नाही, आणि हंगाम सुरू व्हायच्या आत जागा भरावी लागते, असे ते हळू आवाजात म्हणाले. त्यांचे काही चुकले असे मला तेव्हाही वाटले नाही.

रविवारी इस्माईलचा अंगठा आणि शेजारचे बोट काढले. डॉक्टर आपल्या देशाकडचे होते. चीर पडली त्या दिवशीच आणले असते तर बोटे राहिली असती, असे त्यांनी हसनमियाँना सांगितले. मी तिथेच उभा होतो.

चौथा सामना आम्ही खेळलो. बूट घालून. किती गोलांनी हरलो ते मला आठवत नाही, आणि विचारायला कोणाकडे जावेसेही वाटत नाही.

निघताना हसनमियाँनी प्रत्येकाला खजुरांचा डबा दिला. मलाही दिला. आल्या दिवसापासून ते मला ‘कप्तान’ म्हणून हाक मारत. त्या दिवशी त्यांनी नावाने हाक मारली.

घरी

परतीच्या बोटीवर इस्माईल कठड्याशी पाय लांब करून बसे. एका दुपारी तो म्हणाला, “घरी सांगायचं, आगबोटीवर साखळी पडली.”

मी विचारले, कशाला?

“मामूनं बोलावला, तू खेळवलास, असा कोनी म्हनायला नको. साखळीला कोन काय बोलनार?”

मी नको म्हणायला हवे होते. मी मान डोलावली. सावंत सरांनाही ते बरेच वाटले. पुढे गावात आमचा सत्कार झाला, हार पडले, प्राचार्यांनी परदेशातल्या विजयाचा उल्लेख केला. कॉलेजचा संघ पुढच्या पावसाळ्यात पुन्हा मैदानात उतरला. मी तोवर शाळेत नोकरीला लागलो होतो. इस्माईल आता बंदरावर जाळी दुरुस्त करतो. बसून करायचे काम आहे.

पण मला सांगायचे आहे ते परत आलो त्या पहिल्या दिवसाचे. बंदरावरून मी त्याला घरी पोचवायला गेलो. त्यांचा मोहल्ला आमच्या आळीला लागूनच. त्याच्या आईने पाय पाहिला, पदर तोंडाला लावला, आणि मग माझा हात धरून म्हणाली, “तू व्हतास म्हनून पोर परत तरी आला.” बहिणी दाराआड उभ्या होत्या.

खाटेवरून तांडेलांनी मला जवळ बोलावले. त्यांनी मुलाला काही विचारले नाही. मला विचारले, “साखळी नांगराची?”

“हो.”

“सुटली तवा आगबोट नांगरावर व्हती का चालती?”

मला त्यातले काही कळत नव्हते. “चालती होती,” मी म्हणालो.

त्यांचे सारे आयुष्य समुद्रावर गेलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग इस्माईलच्या पायाकडे, मग छपराकडे. भर समुद्रात चालत्या बोटीची नांगराची साखळी कुठे असते आणि तिथे डेकचा उतारू जाऊ शकतो का, हे त्यांना मी शिकवणार नव्हतो. इस्माईल मान खाली घालून बसला होता.

“बरं,” तांडेल म्हणाले. मग बायकोकडे वळून म्हणाले, “त्यांना च्या दे. लांबसून आले हायत.”

त्या घरात मी लहानपणापासून चुलीपाशी बसून, हाताला लागेल त्या पेल्यातून चहा प्यालो होतो. त्या दिवशी मला बाहेर खुर्ची दिली आणि चहा कपबशीतून आला.